नवसाबाई गेटवर उभी होती

माझा वाढदिवस एक जूनला असतो. तो खरा नाही. सहा-सात वर्षांची असताना पोलिसांनी मला मुलींच्या सरकारी होममध्ये आणून सोडलं, तेव्हा डॉक्टरांनी दात बघून वय ठरवलं आणि बालकल्याण समितीने कागदावर एक जून लिहून टाकलं. आमच्यातल्या निम्म्या मुलींचा वाढदिवस एक जूनच. लहानपणी मजा यायची, बारा-तेरा जणींना एकदम ओवाळायचे. अठराव्या वर्षी मजा संपली. अठरा पूर्ण झाले की होम सोडायचं असा नियम, आणि बारावीचा निकाल लागायला आठवडा असताना अधीक्षिका मॅडमनी मला ऑफिसात बोलावून सांगितलं, "पायल, तुझे काका न्यायला आलेत. सामान भर."

माझं सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी. ती घेऊन मी गेटपर्यंत आले तर बाहेर दोन माणसं उभी. एक पांढरी टोपी घातलेला काळा, वाळका माणूस. त्याच्यामागे जीप. आणि जरा बाजूला, भिंतीच्या सावलीत, नवसाबाई.

नवसाबाईला बघून माझं डोकंच फिरलं. ही बाई बावीस वर्षं आमच्या होममध्ये स्वयंपाकाला होती. वर्षभरापूर्वी ती निवृत्त झाली तेव्हा आम्ही मुलींनी न्हाणीघरात एकमेकींना टाळ्या दिल्या होत्या. आमटी कोणी सांडली तर ती त्याच पोरीकडून ओटा घासून घ्यायची. पोळी टाकली तर दुसऱ्या दिवशी तीच शिळी पोळी ताटात. आणि माझा तिच्यावर वेगळा राग होता. तेरा वर्षांची असताना मी होममधून पळाले होते. सीबीएस बस स्टँडवर जाऊन सुरगाण्याच्या गाडीत बसलेही होते. मला शोधायला जे चार जण निघाले त्यात ही होती. गाडीत चढून तिने माझी वेणी धरली आणि सगळ्या पॅसेंजरांसमोर मला खाली ओढलं. कंडक्टर म्हणाला, "अहो, हळू." ती म्हणाली, "तुमी तिकिटं फाडा." रिक्षात परत येईपर्यंत तिने वेणी सोडली नाही.

तर ती बाई गेटवर होती, आणि दुसरीकडे काका.

काका म्हणजे हिरामण, माझ्या बापाचा धाकटा भाऊ. आई-बाप सुरगाण्याहून दिंडोरीकडे द्राक्षांच्या कामाला उतरायचे, तिथेच एका पाठोपाठ एक गेले. मग काकाने मला दिंडोरीच्या बाजारात आणलं, एका दुकानाच्या पायरीवर उभं केलं आणि भेळ आणतो म्हणून गेला. तो गेलाच. पुढे समितीने त्याला शोधून काढलं तर त्याने अंगठा उठवून दिला की मुलगी सांभाळणं शक्य नाही. बारा वर्षांत तो एकदाही आला नाही. आता मी अठरा वर्षांची झाल्यावर होमने पत्र पाठवलं आणि तो जीप घेऊन हजर.

तो माझ्याशी बोलायला लागला. आमच्या डोंगराकडच्या भाषेत. मला काही कळेना. मी सहा वर्षांपर्यंत तीच भाषा बोलत असणार, पण होममध्ये ती कुठे सांडली ते मलाही माहीत नाही. मी नुसती बघत राहिले तसा तो चिडला आणि मराठीत मॅडमना म्हणाला, "पोरगी माजलीय. गावात नेली की सरळ हुईल. जागा बघूनच ठेवलीय."

"कसली जागा?" नवसाबाईने विचारलं.

"तुमी कोण?"

"मी हितं भाकरी थापत होते. कसली जागा बघितली?"

"लग्नाची. दुसरं काय?"

नवसाबाई मॅडमकडे वळली. "मॅडम, पोरगी अठराची झाली ना? मग तिला इचारा. जायचं तर जाईल. नाय तर माझ्याकडं राहील. मी समितीला अर्ज दिलाय, तुमच्या टेबलावर हाय."

मॅडमना फाईल बंद करायची होती. नातेवाईक मिळाला की फाईल नीट बंद होते. त्या म्हणाल्या, "पायल, रक्ताचं नातं आहे, विचार कर." मी विचार केला. खोटं कशाला सांगू, नवसाबाईच्या घरी जायची मला कणभर इच्छा नव्हती. पण त्या माणसाच्या जीपमध्ये बसायची त्याहूनही नव्हती. मी पेटी उचलली आणि नवसाबाईच्या बाजूला जाऊन उभी राहिले. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. पेटीची दुसरी कडी धरली आणि चालायला लागली.

मागून काका ओरडला, "होमची पोरगी कोनी करत नसतंय! येशील लाथा खाऊन!"

*

नवसाबाईचं घर सातपूरला, कामगारांच्या एका जुन्या कॉलनीत. दोन खोल्या, पुढे ओटा. नवरा कंपनीत होता, तो वारल्याला बरीच वर्षं झालेली. मुलगा सोमनाथ पाथर्डी फाट्याला स्वतःच्या फ्लॅटमध्ये. पहिल्याच दिवशी तिने मला नियम ऐकवले. सकाळी पाचला उठायचं. ताटात टाकायचं नाही. कुठे जाते ते सांगून जायचं. आणि वर्षभर रडायचं नाही, कारण तिला रडकी माणसं चालत नाहीत.

मी म्हटलं, "मी कधी रडले?"

"वेणी धरली तवा."

मी तिच्याशी चार दिवस बोलले नाही. तिलाही त्याचं काही वाटलं नाही.

कॉलनीला मात्र वाटलं. तिथले अध्यक्ष खंडेराव, कंपनीतून निवृत्त झालेले, रोज सकाळी गणपतीच्या ओट्यावर पेपर वाचत बसायचे. मी नळावर गेले की पेपर खाली यायचा. बायका मला थेट काही बोलायच्या नाहीत. एकमेकींना बोलायच्या, मला ऐकू जाईल अशा. "होमची आहे म्हणे." "होममध्ये कशा मुली असतात, माहीत नाही का?" एकीने आपल्या मुलीला माझ्यासमोर ओट्यावरून आत ओढलं. ती मुलगी पाच वर्षांची होती. माझ्या हातात फक्त बादली होती.

तिसऱ्या महिन्यात खंडेरावांचा मोबाईल हरवला.

मी कपडे वाळत घालत होते. खंडेराव आणि आणखी पाच-सहा जण अंगणात आले. खंडेराव नवसाबाईला म्हणाले, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्याकडच्या पोरीची पेटी एकदा दाखवा."

मला वाटलं ही बाई आता यांना झोडून काढेल. ती आत गेली, माझी पेटी उचलून आणली आणि अंगणाच्या मध्यभागी सगळ्यांसमोर उपडी केली. माझे कपडे, आतले कपडेसुद्धा, वह्या, होममधल्या मुलींनी दिलेल्या राख्या, आईची म्हणून पोलिसांनी माझ्याबरोबर दिलेली फाटकी ओढणी. सगळं फरशीवर. माणसं वाकून बघत होती. मी दोरीला धरून उभी होते आणि मला वाटत होतं, त्या जीपमध्ये बसले असते तर बरं झालं असतं.

"बघितलं?" नवसाबाई म्हणाली. "हाय का फोन?"

वाकलेली माणसं सरळ उभी राहिली.

"नाय ना? चला आता. खंडेराव, तुमचं कपाट उघडा."

"म्हंजे?"

"म्हंजे कपाट. माझ्या घरातली पेटी उघडली, आता तुमच्या घरातलं कपाट उघडायचं. मग ह्या सगळ्यांची. घर सोडायचं नाय एकबी. इथं सगळ्यांच्या देखत, असंच उपडं करायचं." ती त्यांच्या दाराकडे निघालीसुद्धा. खंडेराव आडवे आले. "अहो, बायकांचं सामान असतं आत!" ते म्हणाले.

"हे कोणाचं हाय?" नवसाबाईने फरशीकडे बोट केलं.

माणसं एकेक करून पांगली. फोन पुढे सापडला की नाही, कोणी सांगितलं नाही. पण त्यानंतर माझ्या सामानाला कोणी हात लावायचं बोललं नाही. सगळ्यांना वाटेल मी तिचे पाय धरले असतील. मी तिला विचारलं, "माझी पेटी उघडायच्या आधी मला का नाही विचारलं?"

"इचारलं असतं तर तू नाय म्हणाली असतीस."

"मग नाहीच उघडायची!"

"मग चोरटी ठरली असतीस."

"ते माझं मी बघितलं असतं. तुम्हीसुद्धा त्यांच्यासारख्याच आहात. होमच्या पोरीला काय विचारायचं!"

 ती फरशीवरचं सामान गोळा करायला वाकली तर मी तिला हात लावू दिला नाही.

*

मला एएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या कोर्सला, जायचं होतं. बारावीला मार्क बरे होते. पण प्रवेशाला जातीचा दाखला हवा आणि दाखल्याला बापाचा पुरावा हवा. दाखल्यांच्या खिडकीवरचा माणूस वर न बघता बोलायचा.

"वडिलांना घेऊन या."

"वडील वारले."

"मग आईला."

"आईपण."

"मग नातेवाइकांचा दाखला आणा. काका वगैरे असतील की."

नवसाबाई माझ्या मागे उभी होती. ती पुढे घुसली. "काकाला आणायचं असतं तर तुमच्या दारात कशाला आलो असतो? पोरगी सरकारच्या होममधी वाढली. सरकारनंच तिला बारा वर्सं जेवाय घातलं. सरकारला ठावं नाय व्हय ती कोण ते?"

"मावशी, आवाज कमी. नियम आहे."

असं चार वेळा झालं. त्या वर्षीचा प्रवेश गेला. मी नवसाबाईवर चिडले, ती खिडकीवर भांडली म्हणून काम अडलं असं मला वाटायचं. ती म्हणायची, मी भांडले नसते तर फॉर्मसुद्धा घेतला नसता. दोन्ही खरं असेल.

शेवटी जानेवारीत आम्ही सुरगाण्याला गेलो. गाडीने सुरगाणा, तिथून जीपने पुढे. जीपमध्ये सोळा माणसं, वळणावळणाला नवसाबाई ओकत होती आणि मी खिडकीबाहेर बघत होते. मला एकही डोंगर ओळखू आला नाही.

हिरामणकाका घरापुढे बांबू सोलत बसला होता. आम्हाला बघून उठला नाही. नवसाबाईने काय पाहिजे ते सांगितलं. तो हसला. "आली का वास काढत? बारा वर्सं सरकारची भाकर खाल्ली, आता आमची जात पायजे?" मग म्हणाला, "दाखला देतो. पोरगी हितं ठेवून जा. नवरा मुलगा अजून थांबलाय."

शेजारच्या बायका जमायला लागल्या होत्या. नवसाबाई तोंड उघडणार होती. मी तिचा हात मागे ओढला. तेव्हा पहिल्यांदा मी तिला गप्प केलं.

मी म्हटलं, "काका, दिंडोरीच्या बाजारात तुम्ही मला भांड्याच्या दुकानाच्या पायरीवर उभं केलं होतं. म्हणालात, हलू नको, भेळ आणतो. मी हलले नाही. दुकान बंद करायला आलेल्या माणसाने मला हलवलं. मी त्याला चावले, कारण तुम्ही हलू नको म्हणाला होतात. हे तुम्ही इथे कोणाला सांगितलंय का?"

कोणालाच सांगितलं नव्हतं. तिथे सगळ्यांना वाटत होतं की पोरगी बाजारात हरवली. एक म्हातारी पुढे आली, तिने माझी हनुवटी धरून तोंड वर केलं आणि आमच्या भाषेत काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही. पण काकाला कळलं. त्याने हातातला कोयता खाली टाकला आणि मला शिवी दिली. मग नवसाबाईला दिली. मग जमलेल्या बायकांना. आम्ही निघालो. दाखला नाही, काही नाही.

पायवाटेवर मागून कोणीतरी धावत आलं. काकाची बायको, चांगुणा. तिच्या डोक्यावर रिकामा हंडा होता, पाण्याला चालल्याचं निमित्त. ती माझ्याकडे न बघता नवसाबाईला घाईघाईने म्हणाली, "भावजी, हिचा बाप, चौथी शिकलेलं. शाळेच्या रजिस्टरात नाव असंल. जात लिवलेली असती. गुरुजीला इचारा." आणि विहिरीकडे वळली. ती मला एक शब्दही बोलली नाही. मी छोटी असताना तिने मला खाऊ घातलं की मारलं, मला आठवत नाही.

रजिस्टरात नाव होतं. बापाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, जात, जन्मगाव. गुरुजींनी उतारा दिला. मी तो हातात धरला तेव्हा पहिल्यांदा कळलं की माझ्या आजोबांचं नाव मल्हारी होतं. दाखला हातात पडायला त्यानंतरही पाच महिने गेले, पण पडला. पुढच्या वर्षी मला प्रवेश मिळाला.

*

इथे गोष्ट गोड व्हायला हवी होती. झाली नाही.

सोमनाथला मी घरात आलेलं कधीच आवडलं नव्हतं. आधी तो फोनवर भांडायचा, मग येणं बंद केलं. नातवाच्या, सार्थकच्या, पाचव्या वाढदिवसाला नवसाबाई हातशिलाईचा सदरा घेऊन गेली तर सुनेने दारातच सांगितलं की पाहुणे आहेत, नंतर या. त्या आठवड्यात सोमनाथ सातपूरला आला. मी आतल्या खोलीत अभ्यास करत होते. त्याने आवाज कमी करायची तसदी घेतली नाही.

"आई, हे घर बाबांचं आहे. माझाही हक्क आहे त्यात. खंडेरावकाका मला फोन करतात, कॉलनीत तोंड दाखवायला जागा नाही. एक तर ही पोरगी जाईल, नाही तर मी घर विकतो."

"इक," नवसाबाई म्हणाली.

"म्हणजे मी तुझा कोणी नाही? ती रस्त्यावरची..."

"तुला काय कमी हाय? बायको हाय, फ्लॅट हाय. तिला कोण हाय?"

"मग तीच सांभाळेल तुला म्हातारपणी!"

तो गेल्यावर मी बाहेर आले. माझ्याही मनात बरंच साचलेलं होतं. मी म्हटलं, "माझ्यामुळे मुलाशी भांडू नका. मी उद्या जाते. मी तुम्हाला कधी म्हणाले होते की मला घेऊन चला?"

"तुझ्यासाठी कोण भांडलं?"

"मग कोणासाठी?"

ती ओट्यावर बसली होती. तिने पदराची कड मुडपली आणि सोडली. "निकितासाठी," ती म्हणाली.

होममध्ये निकिता माझ्या शेजारच्या कॉटवर झोपायची. माझ्यापेक्षा एक वर्षाने मोठी, हरसूलकडची. अठराची झाली तेव्हा तिच्या सावत्र बापाने तिला नेलं. आम्हाला सांगितलं होतं की तिचं छान चाललंय, लग्न झालं.

"नाय झालं," नवसाबाई म्हणाली. "दोन महिन्यांनी माझ्या दारात आली. माझी नोकरी नुकतीच सुटलेली. म्हणाली, मावशी, आठ दिवस राहू द्या, मी काम शोधते. हाताला हितून हितवर भाजलेलं. सोमनाथ घरी यायचा व्हता त्या दिवशी. मी तिला च्या दिला, आन् म्हणाले, बाई, नात्यातलं भांडण हाय, परत जा, नीट हुईल. ती च्या प्याली. कप धुवून ठिवला. आन् गेली. घरी नाय पोचली. कुठंच नाय पोचली. मी पोलिसात गेले, हरसूलला गेले, सगळीकडं गेले. मॅडम म्हणाल्या, अठराची झाली, आपली जबाबदारी संपली."

मी ऐकलं. मला निकितासाठी रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. मी म्हटलं, "म्हणजे मी इथे आहे ती निकिताच्या बदली."

"व्हय."

"मग मला सांगायचं होतं. मी उगीच वाटून घेत होते की..."

"काय वाटून घेत होतीस? तू माझी कोण लागतीस? मी काय तुला जन्म दिला? मी चुकले, म्हणून गेटवर आले. तुझ्या जागी दुसरी असती तरी आले असते."

मी दुसऱ्या दिवशी पेटी उचलून कॉलेजच्या वसतिगृहात गेले. तिने अडवलं नाही. पुढच्या एक जूनला ती पुन्हा त्या गेटवर उभी होती असं मला नंतर कळलं. त्या वर्षी तिने दोघींना नेलं.

सोमनाथने घर विकलं. कायद्याने जेवढं तिच्या वाट्याला आलं तेवढं घेऊन नवसाबाईने मखमलाबादला दोन खोल्या भाड्याने घेतल्या. तिथेही शेजाऱ्यांनी अर्ज केला, सह्या गोळा केल्या, पोलीस आले. पोलीसबाईंनी मुलींचे कागद बघितले, सगळे व्यवस्थित होते, कारण खिडकीवरच्या माणसांशी भांडून भांडून नवसाबाई आता कागदांत पक्की झाली होती. पोलीसबाई चहा न घेता गेल्या. शेजारी अजून बोलत नाहीत. नवसाबाई जेवणाचे डबे करून देते आणि मुलींना शिव्या देते. एक मुलगी तिच्याकडून पळून गेली आणि परत आली नाही. एक, सायली, ब्युटी पार्लरमध्ये लागली आणि नवसाबाईच्या भुवयांना हात लावायची हिंमत करणारी जगातली पहिली व्यक्ती झाली.

कोर्स संपल्यावर मी एका खासगी दवाखान्यात कामाला लागले. राहायला जागा शोधताना तीन घरमालकांनी "घरी कोण कोण असतं?" असं विचारलं आणि माझं उत्तर ऐकून खोली आधीच गेल्याचं सांगितलं. चौथ्याच्या वेळी कुठून तरी कळून नवसाबाई न बोलावता आली. माझ्या बाजूने त्याच्याशी इतकी भांडली की देत असलेली खोली त्याने दिली नाही. मी तिला भर रस्त्यात ओरडले. "तुम्हाला कोणी बोलावलं होतं? प्रत्येक ठिकाणी गेट नसतं!" लोक थांबून बघायला लागले. ती रिक्षा थांबवून निघून गेली. आम्ही पाच महिने बोललो नाही.

पुढे मला गंगापूर रोडला एका नर्सबरोबर खोली मिळाली. त्या आठवड्यात सायली स्टीलची भांडी भरलेली गोणी घेऊन दारात. डबे, पातेली, झारा, कुकर. "मावशीने पाठवलंय," ती म्हणाली, "आणि म्हणाली, तिला सांगू नको मी पाठवलं." मी भांडी ठेवून घेतली. फोन केला नाही.

महिन्याने तिचाच आला. मी ड्यूटीवर होते.

"कुकरचं झाकण नीट बसतं का?"

"बसतं."

"वाल्व्ह जुना हाय. बदलून घे. नाय तर तोंडावर उडंल."

"बदलते."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मी वॉर्डात परत गेले. तिसऱ्या कॉटचं सलाइन संपत आलं होतं.